दोन पानं ठेवून

१

शाळेतनं आल्यावर प्रीती चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत बसायची आणि छताकडं बघायची. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. ऐकण्यासारखं मात्र बरंच होतं. वर तिची पोरगी धावत असायची, खिदळत असायची, कुणीतरी तिला रागं भरायचं आणि परत दोघी मिळून हसायच्या. खाली प्रीतीच्या चहावर साय धरायची.

फुलेवाडीतलं ते घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं. खालच्या मजल्यावर धाकटा अतुल, त्याची बायको प्रीती आणि त्यांची एकुलती एक अक्षता. वरच्या मजल्यावर थोरला प्रसेनजीत आणि त्याची बायको विशाखा. प्रसेनजीत राधानगरीला पाटबंधारे खात्यात होता. शनिवारी यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रीती हायस्कूलला विज्ञान शिकवायची, अकरा ते साडेपाच. अक्षता तिसरीत, तिची शाळा सकाळची. म्हणजे दुपारी बारापासून पोरगी विशाखाच्या ताब्यात. जेवण वर, झोप वर, पाढे वर, वेणीफणीसुद्धा वर.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "प्रीती, नशीब काढलंस बघ. अशी जाऊ हुडकून मिळायची न्हाई." प्रीती हसून मान हलवायची आणि आतल्या आत जळायची. उगीच गोड शब्द कशाला शोधायचा, जळायचीच. आपल्या पोटची पोर, नऊ महिने आपण वागवलेली, आणि ताप चढला की कण्हताना नाव घेणार दुसरीचं! त्यात अक्षता प्रीतीला म्हणायची मम्मी आणि विशाखाला म्हणायची मोठी आई. असं घरोघरी म्हणतात, प्रीतीला काय ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असून छातीतली कळ थोडीच थांबते.

आणि वर होतं तरी काय एवढं? झाडं! विशाखाच्या गच्चीवर चाळीसएक बोन्साय होती. पसरट कुंड्यांत वीतभर वड, वीतभर उंबर, हाताएवढी चिंच. अक्षता फवारा घेऊन त्यांच्यामधनं फिरायची आणि कुठल्या झाडाला कधी पाणी, हे तिला पाठ होतं. आईच्या शाळेला सुट्टी कधी, हे मात्र तिला विचारून बघा.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात प्रीतीनं ठरवलं. पोरीला झाडंच हवीत ना? मग एक झाड खालीही येईल.

२

डिसेंबरात शहरात फुलांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती अक्षताचा हात धरून तिथं गेली. कुरुंदवाडच्या केरबा माळ्यानं तिथं बोन्साय मांडली होती.

"कसलं झाड पायजे बाई?"

"बोन्साय. पण सोपं हवं. मला दिवसभर शाळा असते, फार बघायला वेळ नाही."

"मग वडा-पिंपळाच्या नादाला लागू नगा. ह्यी जेड घ्या." केरबानं जाड खोडाचं, नखाएवढ्या गुबगुबीत पानांचं एक झाड पुढं सरकवलं. "पानातच पाणी साठवून ठेवतीया. पंधरा दिस पाणी दिलं न्हाई तरी मरत न्हाई. उलट लई लाड केलासा तर कुजती. काय मागत न्हाई, काय सांगत न्हाई, ठिवली तितं ऱ्हाती."

"आणि लहान राहावी म्हणून काय करायचं?"

"खुडायचं. नवा शेंडा दिसला की दोन पानं ठिवून वरचं नखानं खुडून टाकायचं. आठवड्यातनं एकदा हात फिरवला की झालं. माया करून सोडलासा, तर वाढून हाताभाईर जाईल."

काही मागत नाही आणि ठेवली तिथं राहते, हे प्रीतीला फार आवडलं. पण अक्षतानं भर गर्दीत नाक मुरडलं. "मोठ्या आईची जेड ह्याच्यापेक्षा भारी हाय. मला न्हाई आवडलं हे." केरबा हसला. प्रीतीनं पोरीचा हात जरा जोरातच ओढला आणि दोघी हात हलवत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी विशाखानं तिला आपणहून वर बोलावलं. "अक्की सांगत हुती, तुला जेड पायजे म्हणून. अगं, मग तिकडं कशाला गेलतीस? ह्या बघ, बारक्या सात हायत. तुला कुठली सोपी जाईल ती निवड."

गच्चीच्या कोपऱ्यात, मोठ्या मातीच्या कुंडीत आणखी एक जेड होती. अक्षताच्या उंचीची.

"तेवढी सोडून," विशाखा म्हणाली. "ती बोन्साय न्हाईच. तिला मी कधी खुडलीच न्हाई. अक्की झाली न्हवं, त्या दिवशी दवाखान्यातनं घरी आलो आणि काडी लावली. दर साली कुंडी बदलतो. दोघी बरोबरीनं वाढायल्यात बघ."

अक्षता पळत जाऊन त्या झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावर आडवा हात धरून म्हणाली, "बघ मम्मी, सेम!"

प्रीती म्हणाली, "छान हाय ताई, पण नको आत्ता, बघू पुढं." आणि खाली आली. त्या रात्री तिला घास गेला नाही. माझ्या पोरीच्या जन्माचं झाड हिनं लावायचं? आठ वर्षं वाढवायचं? आणि मला आज सांगायचं, तेही हसत हसत!

चार दिवसांनी विशाखा मुरगूडला माहेरी गेली. प्रीतीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अक्षता जेवून झोपली होती. प्रीती भाजीची सुरी घेऊन गच्चीवर गेली. स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या की मागून आणलेल्या झाडापेक्षा चोरून आणलेलं पटकन धरतं. विज्ञानाच्या बाई म्हणून प्रीती त्यांना नेहमी हसायची. त्या दुपारी मात्र तिला ते बोलणं उपयोगाला आलं. मागितलं तर मिळणाऱ्या सात कुंड्या ओलांडून ती सरळ कोपऱ्यातल्या झाडाकडं गेली आणि त्याचा शेंडाच, बोटाएवढा जाड, तिनं कापला.

जेड कापली की थेंबभर ओल येते, एवढं तिला माहीत होतं. हिची धारच लागली. मनगटावरनं कोपरापर्यंत पाणी आलं, जिन्याच्या पायऱ्यांवर ठिबकत राहिलं, आणि प्रीती मागं वळून वळून पदरानं ते पुसत खाली आली. पाणी कोमट होतं. दुपारचं ऊन होतं, झाड तापलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

३

कापलेली फांदी तिनं आठवडाभर कपाटावर सुकू दिली. मग वाळू आणि विटेचा चुरा घालून पसरट कुंडीत लावली आणि पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, वेताच्या खुर्चीशेजारी ठेवली. विशाखानं मुरगूडहून आल्यावर शेंड्याचा विषयही काढला नाही. प्रीतीला तिच्या त्या गप्प बसण्याचाच राग आला.

कुंडी मांडली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रीती शाळेतनं आली, तर वरनं काहीच आवाज नव्हता. अक्षता खाली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून.

"वर गेली नाहीस व्हय गं?"

"न्हाई."

"का?"

"हितं बरं वाटतंय."

प्रीतीनं तिला उचलून घेतलं आणि तिचे मुके घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दुपारी विशाखा खाली येऊन ताट वाढून जायची, पण वर चल म्हटलं की पोरगी नुसती मान हलवायची. पाचव्या दिवशी विशाखा दारात उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"प्रीती, अक्की वर येईना झालीया. माझ्यावर रुसलीया काय गं?"

"छे हो ताई! अभ्यास असतोय तिला." हे वाक्य बोलताना प्रीतीला इतकं बरं वाटलं की रात्री अंथरुणात पडल्यावर तिनं ते मनातल्या मनात दोनदा परत म्हणून बघितलं.

झाडानंही जीव धरला होता. नवे शेंडे यायला लागले. अतुल शिरोलीला फाउंड्रीत होता, तिथली सुट्टी सोमवारी. त्यामुळं रविवारी घरात मायलेकीच असायच्या. प्रीती अक्षताला न्हाऊ घालायची, तिची नखं कापायची आणि मग कुंडीजवळ उभी राहून दोन पानं ठेवून शेंडे खुडायची. खरंच सोपं होतं सगळं.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. झाड उजेडाकडं वळतं, हे ती दरवर्षी सातवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवायची. हे झाड खिडकीकडं पाठ करून वाढत होतं. सगळी पानं आत, खुर्चीच्या बाजूला. तिनं कुंडी फिरवून ठेवली. आठवड्यानं बघितलं तर पानं परत खुर्चीकडं. भिंतीवरनं उजेड परततो त्याचा परिणाम असेल, म्हणून तिनं नाद सोडला.

४

मार्चमध्ये तिच्या ध्यानात आलं की अक्षताची पाण्याची बाटली शाळेतनं भरलेली परत येते. रोज. गळ्यापर्यंत.

"अगं, एवढं ऊन हाय, पाणी प्यायला नको?"

"तहान न्हाई लागत."

"दिवसभर?"

"न्हाई लागत मम्मी."

प्रीतीनं ग्लास भरून हातात दिला. पोरीनं दोन घोट घेतले आणि ग्लास शांतपणे खाली ठेवला. ओठ तर कोरडे नव्हते. गाल भरलेले, कातडी तुकतुकीत. डॉक्टरांनी तपासलं, जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, "ठणठणीत हाय की पोरगी! कशाला काळजी करताय?"

खरंच, काळजी करण्यासारखं होतं काय? पोरगी हट्ट करत नव्हती, रडत नव्हती. अर्धी भाकरी खाल्ली की पुरायचं. सांगितलं तिथं बसायची. स्टाफरूममध्ये बाकीच्या बायका आपापल्या पोरांच्या नावानं बोटं मोडायच्या आणि प्रीती म्हणायची, "आमच्या अक्कीचा काही म्हणजे काही त्रास नाही." त्यांच्या चेहऱ्यावरचा हेवा बघून तिचा दिवस चांगला जायचा.

नखांचं लक्षात आलं ते एप्रिलमध्ये. रविवारी नेलकटर घेऊन बसली आणि अक्षताची बोटं हातात घेतली, तर कापायला काही नव्हतंच. गेल्या रविवारी तरी कापली होती काय? त्याच्या आदल्या? आठवेना. केसांची रिबीन बांधायची ती जागासुद्धा, आता विचार केला तर, संक्रांतीपासून तीच होती.

जूनमध्ये गणवेश शिवायला टाकायचा होता. शिंपी हंबीरराव वर्षानुवर्षं माप वहीत लिहून ठेवायचा. त्यानं टेप लावली, वही बघितली, परत टेप लावली.

"बाई, संक्रांतीच्या फ्रॉकचं माप हाय तसंच हाय. दोऱ्याएवढा फरक न्हाई."

"असतं हो. पोरं थांबतात आणि मग एकदम उंच होतात."

"थांबत्यात की. पण खांदा तरी सुटतोय, बाई. पस्तीस वर्सं मापं घ्यायलोय मी."

प्रीतीनं त्याला गप्प केलं. पण महिन्याभरानं वर्गाच्या बाई बाजारात भेटल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "गुणी हाय हो तुमची अक्षता. इतकी गप्प, की गेल्या आठवड्यात चार दिवस मी तिची गैरहजेरी मांडली! पोरं ओरडायला लागली, बाई, आलीया की ती, बसलीया की! बघितलं तर पहिल्याच बाकावर, माझ्या पुढ्यात."

प्रीतीही हसली. घरी येईपर्यंत पिशवीतली भाजी कुठल्या हातात होती याची तिला शुद्ध नव्हती.

५

जुलैतल्या एका रविवारी विशाखा खाली आली. त्या काही महिन्यांत ती बरीच वाळली होती. आत येऊन तिनं आधी अक्षताच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग तो हात तसाच ठेवून ती खिडकीतल्या कुंडीकडं बघत राहिली.

"ही माझ्या झाडाची फांदी हाय," ती म्हणाली.

प्रीतीचे कान तापले. "बाजारातनं आणलीया मी ताई."

"असू दे गं. भांडायला न्हाई आलो मी. चोरलीस तर चोरलीस, तुझ्याच घरात हाय." विशाखाचा आवाज खाली आला. "माझं झाड शेंडा गेल्यापासनं थांबलंय. न्हाई फुटवा, न्हाई काय. आणि ही पोरगी वाढंना झालीया. तुला दिसत न्हाई? मला काय कळत न्हाई ह्यातलं, आपल्यात असलं कोण मानत बी न्हाई. पण तू खुडू नको तिला. एवढं माझं ऐक."

"ताई, मी विज्ञान शिकवते."

"मग करून बघ की प्रयोग! पंधरा दिवस हात लावू नको. काय हुतंय बघ."

प्रीतीला हसायचं होतं, पण हसू येईना. विशाखा गेल्यावर तिनं कुंडीकडं बघितलं. नखाएवढे सात-आठ नवे शेंडे आले होते. खुडायचा दिवस होता. तिनं हात पाठीमागं घेतला.

बुधवारी पाण्याची बाटली अर्धी रिकामी आली. शुक्रवारी रात्री अक्षता म्हणाली, "मम्मी, अजून एक भाकरी दे की." अतुल म्हणाला, "आज काय विशेष, बाळ्या?" प्रीती तव्याकडं तोंड करून उभी राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते. पुढच्या मंगळवारी पोरीनं पाटी आपटली, दप्तर फेकलं, न्हाणार नाही म्हणून रडून गोंधळ घातला. नखांत काळी माती दिसली आणि प्रीतीनं पोरीचे दोन्ही हात धरून मोजून दहाच्या दहा नखं कापली. तिला त्या दिवसांत जितकं सुख झालं, तितकं पोरगी जन्मली तेव्हाही झालं नव्हतं.

प्रयोगाचे पंधरा दिवस भरले तो रविवार. जेवणं झाली होती. अक्षता अंगात वारं शिरल्यागत खोलीभर उड्या मारत होती. अचानक थांबली आणि वर छताकडं बघून म्हणाली, "मम्मी, मी वर जाऊ?"

प्रीती उत्तर द्यायच्या आत ती जिन्यावर होती.

६

वर दार उघडलं. "अगं माझी बाय गं!" विशाखा ओरडली, आणि पुढचं तिला बोलताच आलं नसावं. मग पावलं धावायला लागली. खोलीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत, परत या टोकापर्यंत. मग अक्षताचा आवाज आला, मोठा, खणखणीत: "मोठी आई, मला भूक लागलीया! लई भूक लागलीया!"

तासाभरापूर्वी प्रीतीनं तिला आपल्या हातानं वरणभात भरवला होता.

ती खिडकीजवळ उभी होती. कुंडीतले शेंडे चार-चार बोटं लांब झाले होते, लालसर देठांचे, कोवळे. सगळे वर तोंड करून. पंधरा दिवस मी जीव मुठीत धरला. मी खुडलं नाही. मी पाणी पाजलं, मी रडणं ऐकून घेतलं. आणि शुद्धीवर येऊन पोरगी गेली कुणाकडं? तिच्याकडं! असं असेल तर कशाला वाढवायची? तिच्यासाठी? आपल्याला काय कळतंय, आपण काय करतोय, हे प्रीतीला त्या घडीला स्वच्छ माहीत होतं. ते माहीत नसल्याचं सोंग तिनं नंतर स्वतःशीसुद्धा केलं नाही.

तिनं पहिला शेंडा खुडला. मग दुसरा. दोन पानं ठेवायची हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे शेंडे तिनं बुडापासनं ओरबाडून काढले आणि नुसतं खोड शिल्लक राहिलं.

वर धावणारी पावलं मध्येच थांबली.

मग ती जिन्यावरनं खाली आली. एकेक पायरी, सावकाश, काही घाई नसल्यासारखी. अक्षता आत आली, आईकडं न बघता खुर्चीपाशी गेली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"आलीस व्हय गं माझी शहाणी!" प्रीतीनं दाराला कडी घातली. तिनं कंगवा आणला, पोरीचे केस विंचरले, तिला शाळेतल्या गमती सांगितल्या. उत्तर येत नव्हतं, पण प्रीतीला उत्तर नकोच होतं. दुपार अशीच गेली. संध्याकाळचं ऊन खिडकीतनं आडवं आत आलं तेव्हा तिनं अक्षताचा हात आपल्या हातात घेतला. हात गार होता, टच्च भरलेला. उन्हाच्या वाटेत तो आला आणि ऊन त्याच्यातनं पलीकडं गेलं. बोटांच्या आत काही नव्हतं, ना हाड, ना शीर. नुसता फिकट हिरवा उजेड, पाण्यानं भरलेला.

प्रीतीनं तो हात हळूच परत मांडीवर ठेवला आणि खिडकीचा पडदा ओढला. डोळ्यांवर ऊन आलं की असं काहीबाही दिसतं.

साडेसहाला दारावर थाप पडली. अतुल आला होता, अंगाला फाउंड्रीचा वास, पायांत जड बूट. तिनं कडी काढली.

"कडी लावून एकटीच बसलीयास व्हय? अक्की कुठाय?"

"ही काय," प्रीती म्हणाली.

अतुलनं तिच्या बोटाच्या रोखानं बघितलं. "काय, कुंडी? आयला, पार बोडकी केलीस की." तो खिडकीपाशी गेला, वळला, आणि अक्षता बसली होती त्या खुर्चीत सगळं अंग टाकून बसला. वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

वेताची खुर्ची त्याच्या वजनानं कुरकुरली. त्याच्या खांद्यामागं, कोपराखाली, कुठंच काही नव्हतं.

"अगं, अशी काय बघायलीस? वर असंल ती." एक बूट तसाच पायात ठेवून तो उठला आणि जिन्याखाली जाऊन त्यानं हाक मारली. "अक्की! ए अक्की!"

प्रीतीनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. वर असू दे तिला. वरच असू दे. तिकडंच जेवू दे, तिकडंच झोपू दे, जन्मभर तिलाच आई म्हणू दे. माझ्या उंबऱ्यात परत पाऊल टाकलं नाही तरी चालेल. फक्त वरनं तिचा आवाज येऊ दे. असं तिनं आयुष्यात कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

वरचं दार उघडलं. विशाखा जिन्याच्या कठड्यावरनं वाकली असावी.

"भाऊजी, ती दुपारीच खाली आलीया की हो," ती म्हणाली. "वाढलेलं ताट तसंच टाकून गेली. मम्मी बोलवायलीया, म्हणाली."